यादीतला एकच महादेव

शिरवणवाडी, गुंजी स्टेशनापासून चार मैल आत
१२ जानेवारी २०२५

चि. पूर्णी,

आशीर्वाद. तुझ्या बापाच्या वाट्याचेही मीच देतोय, तो गेल्यापासून चुलत्याला दुप्पट काम लागलंय.

तुमच्या नेत्रसेवा मंडळाचं मोतीबिंदूचं शिबिर ९ फेब्रुवारीला बेळगावात आहे आणि यादी ‘स्वल्पविरामानं वेगळी केलेली’ पाहिजे, हा तुझा निरोप पोचला. छत्तीस वर्षं या गावाच्या पोरांना स्वल्पविराम द्यायला शिकवलं. एकालाही आला न्हाय. आता त्या स्वल्पविरामालाच बेळगावात नोकरी लागली म्हणायची.

वहीत नावं मीच लिहिली. गुंजीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या स्वरूपानं ती टाइप करून तुला धाडली असतील. एकूण एकतीस. नाव, जन्मतारीख, गाव, फोन. फोन ज्यांच्याकडं न्हाय त्यांच्यापुढं माझाच नंबर घातलाय. इथं सगळेच गावडे आणि नातवाला आज्याचं नाव ठेवायचं, त्यामुळं एका हाकेला तीन-तीन माणसं ‘ओ’ देतात. म्हणून नावापुढं स्वल्पविराम देऊन घराची खूण लिहिलीय. वरलं घर, खाल्लं घर, फणसाकडचं. इथला पोस्टमनही त्या खुणेवरच चालतो.

त्यातला खाल्ल्या घरचा महादेव तेवढा ध्यानात ठेव. माझ्या पहिल्या वर्गातला. डावा डोळा जंगलात फांदी लागून गेला त्याला वीस वर्षं झाली. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. बांधावरनं चालताना पाय आधी चाचपडतो, मग टाकतो. बाकीच्यांचा एक डोळा थांबला तर दुसरा आहे. याला न्हाय.

मेसेज कर म्हणतेस. रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, आणि मेसेजात टोमणा मारायला जागा पुरत न्हाय. पत्रच बरं.

आप्पा

◆

टिळकवाडी, बेळगाव
२० जानेवारी २०२५

ती. आप्पांना नमस्कार,

तुमची फाईल आली आणि माझा रविवार गेला. कॉलेजच्या ऑफिसात सहा दिवस याद्या करायच्या आणि सातव्या दिवशी सेवा म्हणून परत याद्याच करायच्या, असं माझं चाललंय.

आधी उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती चौकोनांची भुतं नाचत होती. ती घालवली तर सगळी यादी एकाच रकान्यात कोंबलेली, गुंजीच्या बाजारदिवशीच्या वडाप जीपसारखी. मग कॉम्प्युटरला सांगितलं की बाबा, स्वल्पविराम दिसला की नवा रकाना कर. त्यानं केला. जिथं दिसला तिथं केला! तुमच्या घरांच्या खुणांनी तेवीस ओळी एक-एक घर पुढं सरकल्या. जन्मतारखेच्या रकान्यात ‘वरलं घर’, गावाच्या रकान्यात जन्मतारीख, आणि फोन पार बाहेर ओसरीवर. मी त्या खुणा काढून टाकल्या आणि ओळी मागं ओढल्या. मंडळाच्या फॉर्मात त्यांना जागाच नाही.

टाइप करताना काही दुहेरी झालं होतं तेही काढलं. आता यादी आरशासारखी स्वच्छ आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत सगळ्यांना दाखवली, ‘याला म्हणतात यादी’ म्हणाले.

एक विचारते. तुमच्या गावात सगळे एक जूनलाच कसे जन्मतात हो? बायका मुहूर्त बघून बाळंत होतात की काय?

पूर्णिमा

◆

शिरवणवाडी
२८ जानेवारी २०२५

चि. पूर्णी,

एक जूनचा मुहूर्त मीच काढलाय. शाळेत नाव घालायला आईबाप यायचे. जन्म कधी विचारलं तर एक म्हणायचा, ‘लावणीच्या आधी’. दुसरी म्हणायची, ‘हत्ती आलता त्या साली’. हत्ती तर दरसाल येतोय. मग मी पोराचे दात बघायचो, उजव्या हातानं डोक्यावरनं डावा कान धरता येतोय का बघायचो, आणि लिहून टाकायचो एक जून. शाळा त्याच दिवशी सुरू व्हायची, माझ्यापुरता तोच त्यांचा जन्म.

दुहेरी काढलंस ते बरं केलंस. स्वरूपा टाइप करताना फोनवर मैत्रिणीच्या लग्नाचं बोलत होती. एखादं नाव दोनदा पडलं असणार.

महादेवाचं काय सांगू? रोज सकाळी येऊन विचारतो, ‘मास्तर, किती दिस राह्यले?’ मी म्हणतो, ‘बारा.’ म्हणतो, ‘कालबी बाराच म्हणलासा.’ मी म्हणतो, ‘काल तेरा म्हटलं, तू ऐकलं बारा. डोळ्याचं बघून झालं की कानाचं बघू.’ हसतो. बायको राजाबाई म्हणाली, ह्यांनी ऑपरेशननंतर बघायच्या वस्तू ठरवून ठेवल्यात. नातीचं तोंड पहिलं. ती दीड वर्षाची झाली, यानं तिला अजून हातानंच बघितलंय.

आप्पा

◆

शिरवणवाडी
११ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्णी,

टेंपो रविवारी पहाटे गेला, रात्री आला. तीस जणांच्या डोळ्यांवर पट्टी. एकतिसावा महादेव, खाल्लं घर, गेला तसाच परत.

विचारलं तर सांगतो, ‘माझ्या नावाची हाक आली. मी काठी धरून उठूस्तवर एकजण आत गेलता. दारातली पोरगी हातातल्या पाटीवर बघून म्हणाली, हे नाव झालं. मी म्हणलं, मग मी कोण? ती म्हणाली, तुम्ही त्यांचे नातेवाईक, बाहेर बाकावर बसा, चहा येईल.’

आता मला सांग, वरल्या घरचा महादेव आणि खाल्ल्या घरचा महादेव, अशी दोन नावं मी माझ्या हातानं लिहून धाडली. एक झालं तर दुसऱ्याची हाक येणारच की! हा उठलाच नसणार. मला याची खोड माहीत. तिसरीत देवीची लस टोचायला माणसं आली तेव्हा हा भाताच्या कणगीत लपलेला. पाय धरून मीच ओढून काढला होता.

माझं डोकं फिरलं. काल रवळनाथाच्या देवळापुढं सगळी पट्टीवाली मंडळी बसलेली, त्यांच्यादेखत म्हणालो, ‘साठी उलटली तरी कणगी सुटली न्हाय तुझी. डॉक्टर हैदराबादहून आला आणि तू चहा पिऊन आलास.’ लोक हसले. त्यानंही हसल्यागत केलं आणि काठी आपटत खाली गेला.

तरी तू एकदा विचार. दुसरी हाक दिली होती का?

आप्पा

◆

टिळकवाडी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना नमस्कार,

मंडळात विचारलं. यादीप्रमाणे महादेव भरमू गावडे यांचं ऑपरेशन झाल्याची नोंद आहे. यादीत चूक दिसत नाही. गर्दी फार होती, पेशंट घाबरतात, बाहेरच्या बाहेर निघूनही जातात. पुढचं शिबिर नोव्हेंबरात आहे, तेव्हा त्यांचं नाव पहिलं घालू.

कॉलेजात परीक्षा चालू आहेत. थोडक्यात लिहिते.

पूर्णिमा

◆

शिरवणवाडी
२० फेब्रुवारी २०२५

पूर्णिमा,

हे पत्र गावातल्या कुमारच्या हाती देतोय. तो बेळगावला रोज कामावर येतो, तुझ्या दारात आणून देईल. टेकाडावर चढून तीनदा फोन केला, तू उचलला न्हाईस. माझ्या गुडघ्यांचा अपमान मी नंतर बघून घेईन.

आज सकाळी राजाबाई रडत आली. महादेवाचा डोळा आठ दिवसांपासून ठणकतोय. लाल झालाय, निम्मं डोकं फुटतंय, कालपासून पोटात पाणी ठरत न्हाय. रात्री कपाळ भिंतीवर आपटतोय. आठ दिवस गप्प का बसला, विचारलं. तर म्हणाली, ‘तुमीच देवळापुढं भित्रा म्हणलासा. ते म्हणाले, आता दुखतंय म्हणून सांगितलं तर मास्तर म्हणतील, सोंग करतोय.’

मग तुझं पत्र परत काढलं. एवढं लहान पत्र तू शाळेत असतानाही लिहिलं न्हाईस. ‘महादेव भरमू गावडे यांचं ऑपरेशन झालं’ म्हणतेस. अगं, कुठल्या? दोघांच्या बापाचं नाव भरमू, दोघांना मी एकाच दिवशी शाळेत घातलं. यादीत दोन होते ना? होते ना?

उद्या सकाळच्या गाडीनं त्याला घेऊन येतोय. फोन उचलायचा नसेल तर उचलू नकोस. स्टेशनावर तेवढी उभी राहा.

आप्पा

◆

टिळकवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना,

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये चार तास तुमच्या शेजारी बसले आणि ‘चहा आणू का’ याशिवाय काही बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

यादीत दोन होते. मीच एक काढला.

खुणा पुसल्यावर दोन ओळी उरल्या: महादेव भरमू गावडे, १ जून १९६४, शिरवणवाडी, आणि तुमचा फोन नंबर. आणि खाली तेच सगळं, अक्षर न अक्षर. यादी आली की दुहेरी ओळी काढायच्या ही आमची रीत आहे. एक बटण असतं. दाबलं की कॉम्प्युटर वरची ओळ ठेवतो, खालची काढतो आणि ‘एक दुहेरी ओळ काढली’ असं नम्रपणे सांगतो. मीही त्याला नम्रपणे ‘ओके’ म्हटलं. माणूस जायला एवढाच वेळ लागला.

तुमचं ११ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुमची मूळ फाईल उघडली. कळलं. तरीही दोन दिवसांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं, ‘यादीत चूक दिसत नाही’. खोटं नव्हतं, आप्पा. यादीत चूक खरंच दिसत नव्हती, यादी आरशासारखीच होती. वाटलं, नोव्हेंबरात सगळ्यांच्या आधी करून घेऊ, कुणाला कळायचं नाही. मंडळात माझा सत्कार ठरला होता हेही सांगते, आता लपवून काय करू? फोन तीनही वेळा वाजताना मी त्याच्याकडं बघत बसले होते.

डॉक्टर माझ्याशी वेगळे बोलले. मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब वाढला होता. ऑपरेशन केलंय, दाब उतरलाय, दुखणं जाईल. पण इतके दिवस दाबाखाली राहिलेली डोळ्यामागची शीर किती वाचली ते आत्ता सांगता येत नाही. ‘आठवडाभर आधी आला असता तर,’ एवढं म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

ऑपरेशननंतर महादेवकाका मला सिस्टर समजून म्हणाले, ‘बाई, दमला असशीला, बसा.’ मी बसले. तुम्ही त्यांना सांगा की ती मी होते. मला सांगवत नाही.

पूर्णिमा

◆

शिरवणवाडी
२४ मार्च २०२५

चि. पूर्णी,

तुझं पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरतोय. उत्तर लिहायला बसलो की पहिलं वाक्य तुला शिव्या द्यायचं यायचं आणि दुसरं मला.

तू एका बटणानं केलंस. मी चौपन्न वर्षं करत होतो. दोघांना एकच जन्मदिवस मी दिला, कारण मला दुपारी जेवायला घरी जायचं होतं. त्यांच्यापुढं माझा नंबर मी लिहिला, कारण ‘मास्तरांशिवाय गावाचं पान हलत न्हाय’ हे ऐकायला बरं वाटतं. घराची खूण तेवढी त्यांची स्वतःची होती, ती तू पुसलीस. आणि देवळापुढं त्याला भित्रा म्हणालो ते कुठल्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं?

तू होतीस हे त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. ऐकून घेतलं. मग राजाबाईला म्हणाला, ‘मास्तरांस्नी चा ठेव.’ एवढंच. त्यापेक्षा त्यानं काठी घातली असती तर पचली असती. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. सून म्हणाली, ‘आप्पा, ताट तसंच ठेवून उठताय.’

पण आता चांगली बातमी. काल मंडळाची दोन माणसं तपासणीचा फॉर्म घेऊन आली. माझ्याच ओसरीवर सगळ्यांना बसवलं. महादेवाची पाळी आली तेव्हा मला पहिल्यांदा कानडी साहेबापुढं इन्स्पेक्शनला उभा होतो त्याची आठवण झाली. मंडळाचा माणूस फॉर्म भरण्यात गुंतलेला, म्हणून मीच पुढं होऊन बोटं धरली. ‘महादेवा, किती?’ त्यानं मान कलती केली. मग ठणकावून म्हणाला, ‘तीन!’

तीनच होती गं! फॉर्मवर लिहिलं, ‘दृष्टी समाधानकारक’. मी गडग्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो. काल रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तूही आता नीट जेव. तुझा आवाज फोनवर खोल गेल्यागत येतोय.

आप्पा

◆

शिरवणवाडी, खाल्लं घर
३० मार्च २०२५

पूर्णिमा आक्का यांस,

मी रचना, महादेव गावडे यांची सून. मामंजी सांगतायत तसं लिहिते आहे. त्यांनी शपथ घातलीय की एक शब्द कमी करायचा नाही, एक जास्त घालायचा नाही. फोन करू का म्हटलं तर म्हणाले, टेकाडावर बोललं की आख्खं गाव ऐकतंय. आता इथून पुढं तेच बोलतायत.

बाई, तुमी मला वळखत न्हाईसा, मीबी तुमास्नी बघितल्यालं न्हाय. दवाखान्यात शेजारी बसलासा ते तुमी, असं मास्तर म्हणाले. हुंदका दाबून धरलासा ते मला त्याच वक्ताला कळलंतं. सिस्टर कशाला रडंल?

मला दिसत न्हाय. उजेड कळतोय. दारात कोण आलं तर उजेड अडतोय, तेवढं कळतंय. त्यापल्याड काय न्हाय.

मग तीन कसं म्हणालो, तर सांगतो. मास्तरांची खोड हाय. पयलीपासनं बघतोय, बोटं दावून ‘किती’ म्हणाले की तीनच दावत्यात. चार न्हाय, दोन न्हाय. वर्गातल्या ढ पोरालाबी ठावं होतं. बोलायचं नव्हतं मला. पण ते माझ्यापुढं हुबं राह्यले आणि त्यांचा सास मला ऐकू येत हुता, धाप लागल्यागत. सत्त्याहत्तरीचा माणूस. म्हयनाभर जेवला न्हाय असं वरल्या घरचा महादेव सांगत हुता. म्हणलं, ह्यास्नी आता काय सांगायचं? म्हणून बोललो.

त्यास्नी बरं वाटलं. देवळापुढं सगळ्यांस्नी सांगत फिरत्यात, महादेवाला दिसाय लागलं. लोकं मला वाटेत बोटं दावून इचारत्यात. मी तीन म्हणतो. चुकलं की म्हणतो, चेष्टा केली.

चूक तुमची, मास्तरांची, कोणाची बी असंल. मी त्यावर बसून काय करू? डोळा माझा हाय, तो मलाच जपाय पायजे. डॉक्टर मला म्हणाले हुते, सहा म्हयन्यांनी परत दाखवा, मशिनवर शीर बघू, काय उरलं असंल तर औषधानं राखता येतंय. आता तुमच्या यादीत माझ्या नावापुढं ‘दिसतंय’ असं लिवलंय. मी सहा म्हयन्यांनी दारात हुबा राह्यलो तर ती पाटीवाली पोरगी परत बघंल आणि म्हणंल, आजोबा, तुमचं बरं झालंय, बाकावर बसा. तवा मी कुणाकडं बघू?

म्हणून तुमी ते खोडा. ‘न्हाय दिसत’ असं लिवा. तुमास्नी लिवता येतंय, तुमच्याच हातात हाय ते. आणि ते मास्तरांस्नी कळाय नको. कसं करायचं ते तुमी बघा, तुमी शिकलेल्या हाईसा.

नातीचं इचारलंसा मास्तरांस्नी, असं कळलं. ती बरी हाय. आता पळतीया. माझ्या म्होरनं गेली की उजेड हालतोय.

जबाब सूनबाईच्या नावावर धाडा. माझ्या नावाचं पत्र आलं की मास्तर वाचून दावायला पळत येत्यात.

महादेव भरमू गावडे
(अंगठा)